युरोप, अमेरिका आणि परतीचा माल

आमच्या कंपनीत वजनकाटे बनतात, आणि ते कसे विकायचे हे विक्रेत्यांना मी बावीस वर्षं शिकवत होतो. पुढे जे घडलं त्यात माझी बाजू आजवर कुणी पुरती ऐकून घेतलेली नाही. घरी ऐकत नाहीत, ऑफिसात ऐकत नाहीत, आणि शेजारी ऐकतात ते फक्त दुसऱ्यांना सांगण्यापुरतं.

सुरुवात नव्या साहेबांपासून झाली. वय चौतीस, दारावर पितळी पाटी आणि पाटीवर नावाआधी 'डॉ.'. त्यांनी पीएचडी केली आहे ती 'चहाच्या सुट्टीची लांबी आणि कर्मचाऱ्यांची निष्ठा' या विषयावर. ते आले त्या आठवड्यात आमची चहाची सुट्टी चार मिनिटांनी कमी झाली. निष्ठा वाढली की नाही हे मोजणारा काटा आमची कंपनी अजून बनवत नाही.

तर या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि उभं ठेवूनच सांगितलं, की 'प्रशिक्षण प्रमुख' असं नवं पद निघतंय. काम तेच, जे मी बावीस वर्षं करतोय. पण मुख्य कार्यालयाचा नियम असा, की त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे व्यवसाय व्यवस्थापनातली पीएचडी हवी, किंवा निदान एखाद्या परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हवं, एकतीस मार्चच्या आत. नसेल तर बाहेरून माणूस येईल. "आणि मग माझं काय?" मी विचारलं. साहेब संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "परतीच्या मालात जागा आहे."

परतीचा माल हा विभाग आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. गिऱ्हाइकांनी परत केलेले काटे तिथे येतात, त्यांची नोंद होते आणि ते रॅकवर चढतात. एक टेबल, एक ट्यूबलाइट, छताजवळ एक खिडकी. तिथला आधीचा माणूस निवृत्त झाल्यावरही सवयीने तीन दिवस येत राहिला आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तिथे जाऊन बसायचं म्हणजे मी स्वतःच परत आलेला माल झालो, हे मला उभ्या उभ्या समजलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे समोरच्याला किती दिसतं आणि किती दिसत नाही हे तिला चटकन कळतं. ती म्हणाली, "तुम्हाला पीएचडी करायची आहे, की साहेबांना दाखवायचंय?" या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. मी तिला तिच्या कामाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

बातमी खालच्या मजल्यावर पोचायला अर्धा तास लागला. तिथे अमेरिकाकाका राहतात. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो आणि काका स्वतः इथे असले तरी मनाने तिकडेच असतात. त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. आपण वेळ विचारली की ते आधी तिकडची सांगतात. त्या रविवारी माझा मेहुणाही आला. त्याने बसने अकरा दिवसांत नऊ देशांचा युरोप पाहिला आहे. त्यातले तीन देश झोपेत पाहिले असं त्याची बायको सांगते, पण युरोपविषयी बोलायचा त्याचा अधिकार त्यामुळे कमी झालेला नाही.

दोघे आमच्या हॉलमध्ये समोरासमोर बसले आणि माझ्या आयुष्याची वाटणी सुरू झाली. काकांचं म्हणणं, पीएचडी करावी तर अमेरिकेत. पाच वर्षं लागतात, पण पहिली दोन वर्षं वर्गात बसवून शिकवतात, परीक्षा घेतात, माणूस घडवतात, मग संशोधन. मेहुण्याचं म्हणणं, सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस जितका घडायचा तितका घडलेला असतो. युरोपात तीन-चार वर्षांत मोकळं करतात. फक्त संशोधन कशावर करणार ते आधी लिहून द्यायचं आणि मार्गदर्शक आपणच शोधायचा. "म्हणजे लग्न आपलं आपण जमवायचं," काका तुच्छतेने म्हणाले. "आणि तुमच्याकडे दोन वर्षं नुसती मुंज," मेहुणा म्हणाला. मी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांनीही मला गप्प बसवलं. शेवटी मी पाच अर्ज अमेरिकेला आणि चार युरोपला करायचे असं ठरवलं, म्हणजे दोघांनाही सारखाच राग आला.

अर्ज उघडल्यावर कळलं की या दोन खंडांची माणसाकडून अपेक्षा अगदी उलट आहे. अमेरिकेला तुमचं बालपण हवं असतं. तुम्ही कोण, कुठून आलात, कशाने पेटून उठलात, हे दोन पानांत लिहायचं. काका म्हणाले, "संघर्ष घाल. संघर्षाशिवाय तिथे कुणी आत घेत नाही." माझी पंचाईत ही, की माझ्या बालपणी संघर्ष झालेला नाही. वडील पाणीपुरवठा खात्यात होते, पगार वेळेवर व्हायचा, नळालाही पाणी असायचं. खूप आठवल्यावर सहावीत माझी सायकल चोरीला गेली होती एवढं निघालं. काकांनी तीच सायकल घेतली आणि ती परत मिळवताना मला व्यवसायातल्या विश्वासाचं मोल कसं कळलं यावर दीड पान लिहवून घेतलं. सायकल परत मिळाली नव्हती हे त्यांनी ऐकून घेतलं नाही.

युरोपला तुमच्या सायकलीशी काही देणंघेणं नसतं. त्याला तुमचा निष्कर्ष हवा असतो, तोही संशोधन सुरू होण्याआधी. आता निष्कर्ष ठाऊक असता तर मी चार वर्षं तिकडे जाऊन थंडीत काय करणार होतो? पण मेहुणा म्हणाला, भावोजी, तिथे विषय भारदस्त लागतो. दोन दिवस खपून आम्ही नाव तयार केलं: 'उदयोन्मुख बाजारपेठांतील मापन-उपकरणांच्या स्वीकाराची बहुस्तरीय चौकट'. त्याचा अर्थ मला कळत नव्हता आणि त्यालाही कळत नव्हता. त्यामुळे आम्हा दोघांच्या मनात त्या विषयाबद्दल आदर निर्माण झाला.

मग गुणपत्रिका. त्या माझ्या जुन्या विद्यापीठाने सीलबंद पाकिटात द्यायच्या होत्या. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, की पाकीट तुमचं आणि सील आमचं. पाकीट नेलं तर सील ज्यांच्या ताब्यात असतं ते गृहस्थ मुलीच्या परीक्षेसाठी रजेवर. आठ दिवसांनी सील झालं. पाकीट हातात घेऊन घरी आलो, आणि आत माझीच गुणपत्रिका आहे ना या शंकेने ते उघडून पाहिलं. माझीच होती. सील मात्र गेलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाईंनी कारण विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्यांनी आतल्या दोघींना बोलावून मला पुन्हा तेच सांगायला लावलं.

अमेरिकेसाठी एक प्रवेश परीक्षाही असते. तिच्यात गणित असतं. दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल हा प्रश्न पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाच्या मुलाला सुटू नये याचं मला फार वाईट वाटलं. निकालात लिहिलं होतं, की शंभरातल्या एकोणीस जणांपेक्षा माझी कामगिरी सरस आहे. मी तो कागद बराच वेळ त्याच अंगाने वाचत राहिलो. बायको म्हणाली, एकोणीस जण म्हणजे काही थोडे नाहीत. ती मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

आता शिफारसपत्रं. प्रत्येक अर्जाला तीन लागतात. मला चांगलं ओळखणाऱ्या तीन जाणकारांनी माझ्याबद्दल गुप्तपणे आपलं मत लिहावं, अशी त्या भाबड्या लोकांची कल्पना. आपल्याकडे शिफारसपत्र कसं लिहितात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." कॉलेजात मला शिकवलेल्या सरांकडे गेलो. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आधी मी कोणत्या सालचा ते विचारलं, ओळखल्यासारखं केलं आणि म्हणाले, लिहून आण, सही करतो. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असलेला घाऊक व्यापारी तर कोऱ्या कागदावरच सही करायला निघाला होता. विद्यापीठं पत्रासाठी त्या तिघांना ईमेल पाठवणार होती. तिघांनीही आपापला पासवर्ड मला देऊन टाकला. सरांचा तर ईमेलच नव्हता, तो आधी मेहुण्याने उघडून दिला.

स्वतःची शिफारस स्वतः लिहिणं सोपं नाही. तीन संध्याकाळी खपून मी एक पत्र लिहिलं. ते वाचताना माझेच डोळे पाणावले. त्यात प्रदर्शनातला प्रसंग होता: चारशे माणसांसमोर अचानक वीज गेली, आमचे सगळे काटे बंद पडले, हाहाकार झाला, तेव्हा मी बाहेरच्या भाजीवाल्याकडून साधा तराजू आणून माहिती सांगणं तसंच पुढे चालू ठेवलं. हा प्रसंग खरा आहे. पत्राचा शेवट असा होता: 'त्या संपूर्ण दालनात त्या क्षणी शांत असलेली माणसं दोनच, एक मी आणि दुसरे हे.' बायकोने पत्र वाचलं आणि विचारलं, "हे कोण आहेत? भेटायला आवडेल मला."

एवढं उत्तम पत्र लिहून झाल्यावर आणखी दोन लिहायचं त्राण माझ्यात राहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, उत्तम ते एकदाच लिहून होतं. मी वरचं नाव आणि खालची सही बदलली.

फेब्रुवारीत अमेरिकेची उत्तरं आली. पाचही नकार. पण काय ती भाषा. यंदा अर्जदारांचा दर्जा असामान्य होता, तुमचा अर्ज वाचणं हा आमचा सन्मान होता, भावी वाटचालीस शुभेच्छा. काकांनी पाचही पत्रं चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, हे बघ, नाही असं कुठे म्हटलंय? मी फोन करून विचारावं असा त्यांचा आग्रह होता. तिकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत हेही त्यांनीच सांगितलं.

युरोपातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंनी संगणकावर मुलाखत ठेवली. दुपारी तीनची वेळ. कोट आणि टाय घालून मी शयनगृहात टेबलाशी बसलो. खाली पायजमा होता, पण तो त्यांना दिसणार नव्हता. कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने काका आणि मेहुणा पलंगावर बसले होते, आणि अर्धी रजा घेऊन आलेली बायको दारात उभी होती. एकतीस मार्चला अठरा दिवस उरले होते आणि माझ्याकडे आता एवढी एकच बाई होती. सगळी बोलणी अर्थात इंग्रजीतून झाली, पण माझी जी शोभा झाली ती कोणत्याही भाषेत तेवढीच झाली असती.

बाई साठीच्या घरातल्या, स्वेटर घातलेल्या, चेहऱ्यावर कसलाच भाव नसलेल्या. त्यांनी विचारलं, तुमचा विषय साध्या शब्दांत सांगता का? मी शीर्षक वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, याहून साध्या. मी तेच सावकाश वाचलं. मेहुण्याने पलंगावरून एक कागद वर धरला. त्यावर 'बहुस्तरीय' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मग बाईंनी समोरचे तीन कागद एकावर एक ठेवले आणि म्हणाल्या, "वीज गेली तेव्हा तुमचे साहेब शांत होते. तुमचे प्राध्यापकही शांत होते, आणि तुमचे गिऱ्हाईकही. प्रत्येक जण म्हणतो शांत फक्त दोघेच होते. नक्की किती जण शांत होते?"

खोलीत आम्ही चौघे होतो आणि त्या वेळी आमच्यातलं एकही माणूस शांत नव्हतं. काकांनी हळूच पलंगावरून उतरून चपला शोधायला सुरुवात केली. मी खाली बघितलं आणि सांगितलं, की तिन्ही पत्रं मीच लिहिली. आमच्याकडे असंच करतात. त्यांनी मान हलवली. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"प्रवेश मिळाला नाही तर काय कराल?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, परतीच्या मालात जाईन, आणखी काय करणार. ते काय असतं, त्या म्हणाल्या. मग मी सुटलोच. मी सांगितलं की बाई, परत येणाऱ्या काट्यांपैकी निम्मे काटे अगदी बरोबर असतात. ते बिघडले म्हणून येत नाहीत, ते अचूक आहेत म्हणून येतात. ज्या दुकानदाराचा हात तीस वर्षं अंदाजाने किलोभर काढतोय, त्याला यंत्र गिऱ्हाइकासमोर खोटं पाडतं. त्याला यंत्राचा राग येतो, आणि तो म्हणतो काटा खराब आहे. आमची कंपनी तो काटा घेऊन जास्त अचूक बनवते आणि पुन्हा त्यालाच पाठवते. हे गेली बावीस वर्षं चाललंय, आणि वर बसलेल्या एकाही शहाण्याने दुकानात उभं राहून बघितलेलं नाही. मी वीस मिनिटं बोललो. मेहुणा मला कागद दाखवून दाखवून दमला. बाई लिहून घेत होत्या.

दोन दिवसांनी नकार आला. एक एप्रिलला मी परतीच्या मालात रुजू झालो. प्रशिक्षण प्रमुखाच्या पदावर बाहेरून कुणी आलं नाही. ज्यांना पीएचडी होती त्यांना आमच्या कंपनीची पायरी चढायची नव्हती. खुर्ची रिकामी राहिली, तिच्यावर साहेब पावसाळी कोट ठेवू लागले.

सात महिन्यांनी त्या बाईंचा ईमेल आला. त्यांची एक विद्यार्थिनी माल परत का येतो यावर पीएचडी करत होती. तिला आमच्या विभागात सहा आठवडे बसता येईल का? परदेशी विद्यापीठ म्हटल्यावर साहेबांनी लगेच परवानगी दिली. ती आली. सव्वीस वर्षांची, हातात लहानसं ध्वनिमुद्रण यंत्र, बसायला खोका. साहेबांनी तिला मुलाखतीसाठी अकरा मिनिटं दिली. मी सहा आठवडे दिले. तिला दुकानांत घेऊन गेलो, चिडलेल्या दुकानदारांसमोर उभं केलं. बावीस वर्षं मी लोकांना शिकवत होतो, पण असं का होतं हे त्यांच्यातल्या एकानेही मला विचारलं नव्हतं. या मुलीने रोज विचारलं. त्या सहा आठवड्यांत मी संध्याकाळी घरी खूश होऊन यायचो, आणि ही गोष्ट मी अजून काकांना सांगितलेली नाही.

जाताना तिने एक फॉर्म पुढे केला. माहिती देणाऱ्याचं नाव कुठेही उघड होणार नाही, मला 'प्रतिसादक क्रमांक चार' म्हटलं जाईल. मी म्हणालो, मला चालेल, नाव टाका. ती म्हणाली, नियमात बसत नाही. मी सही केली. आयुष्यात प्रथमच मी न लिहिलेल्या कागदावर माझी सही होत होती.

वर्षभराने प्रबंधाचं एक प्रकरण कंपनीला भेट म्हणून आलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं, आणि चक्क बसायला सांगितलं. त्यांनी पानोपान खुणा केल्या होत्या.

"हा प्रतिसादक क्रमांक चार वाचलात?" ते म्हणाले. "न वाचता सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल तो काय बोललाय बघा. किती खरं आहे. असा माणूस आपल्या कंपनीत आहे आणि मला माहीत नाही. मुख्य कार्यालयाला मी कळवलंय, प्रशिक्षण प्रमुख म्हणून मला हाच हवा. तो तुमच्याच विभागात येऊन-जाऊन असणार. शोधून काढा."

मी म्हणालो, "साहेब, तो मीच."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हसले. वाईट हसणं नव्हतं ते, एखाद्याला सांभाळून घेतल्यासारखं होतं. म्हणाले, "तुमची इच्छा मी समजू शकतो. पण मागेही तुम्ही स्वतःबद्दल बरंच लिहून आणलं होतं. या वेळी काही पुरावा?"

मी त्या विद्यार्थिनीला ईमेल केला. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिला फार वाईट वाटतंय, पण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे कोणत्याही प्रतिसादकाची ओळख कुणालाही सांगता येत नाही, स्वतः प्रतिसादकाने मागितली तरीही नाही. ध्वनिमुद्रणं नष्ट केली आहेत. तो ईमेल छापून मी साहेबांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, बघा, युरोपात नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने ते प्रकरण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये दोन-तीनदा हसली, आणि मिटून ठेवताना म्हणाली, "हे तुम्हीच. इतकं चिडून दुसरं कोण बोलणार?" मला तेव्हा रडू आलं. पण डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंची साक्ष मुख्य कार्यालयात चालत नाही.

प्रतिसादक क्रमांक चार शोधून त्याचा अहवाल मला येत्या तीस तारखेला द्यायचा आहे. काल साहेबांनी मला मुद्दाम जिन्यात थांबवून आणखी एक सूचना दिली. तो सापडला, तर त्याने पीएचडी केली आहे का वगैरे विचारत बसू नका, म्हणाले. अशा माणसाला नियम लावायचे नसतात.